लाभ, दोन, तीन

टॉडमॉर्डनच्या मार्केट हॉलमध्ये, दोन हजार सालच्या जानेवारीत,
विनिफ्रेड ऑकरॉइडच्या काट्यावर मी तारा ठोकला.

सहा टोकांचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.
तिथे आधी मुकुट होता, मुकुटाखाली एक आकडा,
माझ्याही आधीच्या कुणा इन्स्पेक्टरचा.
मुकुट म्हणजे खरं.
तारा म्हणजे आता खरं नाही.
काट्याला यातलं काही कळत नव्हतं.
तो कालही सोळा औंसांना पौंड म्हणत होता
आणि औंसभरही खोटं कधी बोलला नव्हता.

विनिफ्रेड सत्तरीची. पेरांमध्ये बटाट्याची माती.
"झालं?" तिनं विचारलं,
दाढ काढून घेतलेल्या माणसासारखं.
मी म्हटलं, झालं. नियम आहे. ग्रॅम, किलो.
बाटलीतलं दूध पाइंटात चालेल, नळाची बिअर पाइंटात चालेल,
हॅलिफॅक्स अजून बारा मैलांवरच राहील,
गाजर मात्र किलोत.
"म्हणजे प्यायला जुनं आणि चावायला नवं," ती म्हणाली.
मी हसलो नाही. छातीवर कौन्सिलचा बिल्ला होता.

असाच एक बिल्ला मी आधी पाहिलेला.
बार्शीला, आमच्या धान्याच्या दुकानात,
मी आठ वर्षांचा, तुरीच्या पोत्यावर.
वजनमापाचे साहेब आले, चहा नको म्हणाले,
आणि एकेक माप उलटं करून पाहत गोणपाटात टाकत गेले:
कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी,
शेवटी पितळी कड्यांची पायली,
जिच्या बुडाला आजोबांच्या नावातला
फक्त "दा" उरला होता.
बदल्यात एक पावती.

बाबा काही बोलले नाहीत.
रात्री ताटावर बसल्यावर एवढंच म्हणाले,
"आता लाभ कुठून मोजायचा?"

आमच्यात धान्य मापताना एक म्हणत नसत.
पहिलं माप लाभ. मग दोन, मग तीन.
नव्या तराजूत लाभ ठेवायला जागा नव्हती.
तिथे किलो म्हणजे एक,
आणि एक म्हणजे एकच.

मापं गेली, पण तोंडातून कोण जप्त करणार?
आई अखेरपर्यंत छटाकभर तेल मागायची,
आत्याची प्रकृती तोळामासाच राहिली,
आणि मी वीतभर पोटासाठी
सात हजार किलोमीटर
की साडेचार हजार मैल
(की किती कोस, कुणाला ठाऊक)
इथे आलो.
मुलगी झाली तेव्हा नर्सनं कागदावर लिहिलं
तीन किलो दोनशे,
आणि तोंडानं सांगितलं सात पौंड एक औंस.
मी बाबांना सात पौंडच कळवलं.
त्यांचं कार्ड आलं: "म्हणजे साडेतीन शेर. चांगली आहे."

"तुझं वजन किती रे, पोरा?" विनिफ्रेडनं मध्येच विचारलं.
"साडेअकरा स्टोन," मी बोलून गेलो.
तेव्हा ती हसली. शेजारचा मासेवालाही.
माझ्या हातात अजून तो हातोडा होता.

जाताना मी गाजरं मागितली, पैसे मोजून.
नव्या काट्यावर लाल आकडे लुकलुकले आणि थांबले:
शून्य पूर्णांक चारशे चोपन्न.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आकड्याकडे.
मग पिशवी उचलता उचलता, काट्याला न विचारता,
तिनं एक गाजर वर टाकलं.
इन्स्पेक्टरनं भेट घ्यायची नसते.
पण ही भेट लिहायची तर किती म्हणून लिहायची?

बाहेर बर्फ नव्हतं, नुसता ओला काळोख, चार वाजताचा.
व्हॅनमध्ये बसून मी पिशवी मांडीवर रिकामी केली.

लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा
आणि ते वरचं.